दम्याची रात्रीची गोळी (मॉन्टेलुकास्ट): कोण घेतं, कशी घेता, कशावर लक्ष ठेवता?

वडगावची_वहिनी

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला : "कुणाकडे मॉन्टेलुकास्टची स्ट्रिप आहे का? पिल्लूची संपली, डॉक्टर आज नसतात." पाच मिनिटांत उत्तरांचा पाऊस. एकीकडून १० मिलिग्रॅमची, दुसरीकडून 'एलसी' लिहिलेली, तिसरीकडून "आमच्या आईंची आहे, अर्धी करून द्या". पिल्लू सहा वर्षांचा. कितीची हवी, कशासाठी, कधीपासून घेतोय, एकानेही विचारलं नाही. शेजारी वाटीभर साखर मागावी तसा कारभार.

म्हणून हा धागा. मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करते. पण घरात दमा आहे. सासऱ्यांना होता, लेकीला आहे. ती नऊ वर्षांची, गेल्या पावसाळ्यापासून स्टेरॉइडच्या पंपासोबत रात्री ५ मिलिग्रॅमची चघळायची गोळी घेते. आमच्या डॉक्टरांना विचारून आणि गोळीसोबतचा कागद वाचून जे हाती लागलं ते मांडते. जाणकारांनी भर घालावी.

सगळ्यात मोठा घोळ मला दिसतो तो हा, की ही गोळी दमा आवाक्यात ठेवण्यासाठी आहे, लागलेली धाप थांबवण्यासाठी नाही. आमच्याकडे अजूनही लेकीची छाती घरघरायला लागली की सासूबाई म्हणतात, "तिची ती गोड गोळी दे आधी." ती पोटात जाऊन काम सुरू करेपर्यंत पोर काळीनिळी व्हायची. त्या वेळी लागतो तो चटकन श्वासनळ्या मोकळ्या करणारा पंप, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून. गोळीचं काम संथ आणि रोजचं. म्हणून बरं वाटत असलं तरी घ्यायची, रात्री ठरलेल्या वेळेला. एखाद्या दिवशी राहिली तर राहिली, दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी एकच. दोन नाहीत.

आणि झोप. गोळी सुरू झाली तेव्हा लेक झोपेत बडबडायची, एकदोनदा दचकून उठली. डॉक्टरांनी लगेच बंद न करता वही ठेवायला सांगितली. किती वाजता झोपली, रात्री उठली का, सकाळी चिडचिड होती का. पुढे ते आपोआप थांबलं, गोळी चालू आहे. पण सगळ्यांचं असंच होतं असं नाही हे वाचलंय. तुमचे अनुभव लिहा.

तळजाई_प्रभात

मी रोज घेत नाही. सकाळी टेकडीवर पळायला जातो, थंडीत छाती आवळते. त्यामुळे ज्या दिवशी पळायचं त्या दिवशी उठल्या उठल्या एक घेतो आणि निघतो. मस्त चालतंय.

गोळीमास्तर

पेठेत औषधांचं दुकान आहे, नाव विचारू नका.

प्रभात, उठल्या उठल्या घेऊन लगेच निघालात तर त्या गोळीचा त्या पळण्याला काही उपयोग नाही. व्यायामाने लागणाऱ्या धापेसाठी ती घ्यायची तर किमान दोन तास आधी, आणि चोवीस तासांत एकच. रोज घेणाऱ्याने पळण्याआधी वेगळी घ्यायचीच नाही. तुम्हाला मस्त वाटतंय ते बहुधा टेकडी चढण्याआधी रमतगमत चालता म्हणून. डॉक्टरांना दाखवा. थंडीत छाती आवळते म्हणजे दमा नीट आवाक्यात नसेल, त्याचं औषध वेगळं असतं.

वहिनी, आता तुमच्या सोसायटीचा समाचार घेतो. काउंटरवर मी हे रोज बघतो.

पाच वर्षांपर्यंतच्या पोरांना ४ मिलिग्रॅम, ६ ते १४ वर्षांना ५, आणि १५ च्या पुढे १०. चार आणि पाच चघळायच्या, दहाची गिळायची. दहाची अर्धी केली की पाच होते हा हिशेब शाळेत बरोबर, इथे नाही. चघळायची गोळी आणि वरून आवरण असलेली गिळायची गोळी या वेगळ्या बनवलेल्या असतात, शरीरात सारख्या प्रमाणात उतरत नाहीत. 'एलसी' म्हणजे आत लिव्होसेटिरिझिनही आहे, ते सर्दी-शिंकांचं औषध. त्याने झोप येते. ते घेऊन सकाळी सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये दुचाकी चालवणारे गिऱ्हाईक मी पाहिलेत. दम्यासाठी नुसती मॉन्टेलुकास्ट लिहिली असेल आणि तुम्ही 'एलसी' नेलीत, तर नको असलेलं औषधही पोटात चाललंय.

चघळायच्या गोळीत बहुतेकदा ॲस्पार्टेम असतं. फेनिलकीटोनुरिया नावाचा जन्मजात आजार असलेल्या मुलांना ते चालत नाही. तसं मूल असेल तर आईबापांना माहीत असतंच, फक्त दुकानात सांगत नाहीत. सांगा.

स्ट्रिपवर लाल उभी रेघ आणि 'आरएक्स' छापलेलं असतं, ते शोभेला नाही. चिठ्ठीशिवाय देऊ नये असं औषध आहे हे. मी चिठ्ठी मागतो तेव्हा "समोरचा तर देतो" हे ऐकावं लागतं. मग समोरच जा बाबा.

आणि प्लास्टिकच्या वारांच्या डबीत आठवड्याच्या गोळ्या काढून ठेवायची फॅशन आहे, ती हिला नको. ओल आणि उजेड दोन्ही सोसत नाही. स्ट्रिपमध्येच राहू द्या, आणि ती स्ट्रिप ओट्यावर गॅसशेजारी नको.

चिमणी_कोथरूड

लहानग्यांची पावडरची पुडी असते ना, ४ मिलिग्रॅमची? मी दुधाच्या बाटलीत टाकून देते, आख्खी बाटली पीत नाही कधीकधी.

गोळीमास्तर

मग औषधही अर्धंच पोटात जातं, ताई. पुडी थेट जिभेवर, नाहीतर चमचाभर मऊ, गार खाण्यात. गार झालेल्या गुरगुट्या भाताचा एक घास उत्तम. अगदी तान्हं असेल तर चमचाभर आईच्या किंवा डब्याच्या दुधात, गरम नको. पुडी फोडली की पाव तासाच्या आत संपवायची, उरलेली ठेवायची नाही. पाण्यात विरघळवायची नाही, वरून पाणी पाजलं तर चालतं.

पाऊसवेडी

वहिनी, धागा काढलात ते फार बरं केलंत. आमचा अनुभव वेगळा आहे.

मुलगा तेव्हा दुसरीत. जूनमध्ये शाळा सुरू झाली, आमच्या घराला ओल येते, भिंतीला बुरशी, खोकला सुरू. गोळी दिली, खोकला खरंच कमी झाला. पण गणपतीच्या सुमारास पोर बदललं. रात्री किंचाळून उठायचा, "मला इथे झोपायचं नाही" म्हणून दाराकडे पळायचा. दिवसा क्षुल्लक कारणावरून वस्तू फेकायचा. शाळेतून बोलावणं आलं. बाईंनी वही दाखवली, अक्षर नेहमीचं, पण मधल्या दोन पानांवर पेन्सिल इतकी दाबून गिरवलेली की कागद फाटलेला. घरात सगळ्यांचं मत : मोबाइल, टीव्ही, लाड.

गोळीचा संशय मला नाही, बाईंना आला. त्यांच्या भाच्याचं तसंच झालं होतं. डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी त्याच दिवशी बंद करून पंपाचा डोस बदलला. थोड्याच दिवसांत झोप जागेवर आली.

दुखतं ते इतकंच, की औषध देताना हे कुणी बोललं नव्हतं. चांगले डॉक्टर आहेत, राग नाही. पण "झोपेत किंवा वागण्यात फरक दिसला तर फोन करा" हे एक वाक्य सांगायला किती वेळ लागतो?

पुणेरी_पाटी

झालं सुरू. आता हा धागा वाचून उद्या शंभर आया गोळ्या बंद करतील आणि पोरं धाप लागून ॲडमिट होतील. माझी आई कित्येक वर्षं घेतेय, तिला स्वप्न पडलं तर फक्त १९८० सालच्या चितळ्यांच्या बाकरवडीचं. प्रत्येक औषधाच्या कागदावर जगबुडीपर्यंत सगळं लिहिलेलं असतं.

पाऊसवेडी

मी बंद करा म्हटलेलं नाही. बघा म्हटलंय.

छातीठोक

हडपसरला छातीचा डॉक्टर आहे. इथे कुणाचा डोस ठरवणार नाही, त्यासाठी तपासावं लागतं. पण पाटी आणि पाऊसवेडी दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे म्हणून लिहितो.

हे औषध अमेरिकेत १९९८ मध्ये मान्य झालं. मार्च २०२० मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, त्याच्या माहितीपत्रकावर चौकटीतला इशारा टाकायला लावला. त्यांच्याकडचा सर्वांत कडक इशारा तो. कारण मन आणि वागणूक : भयानक स्वप्नं, चिडखोरपणा, आक्रमकपणा, उदासी, क्वचित आत्महत्येचे विचार. साध्या ॲलर्जिक सर्दीला दुसरी औषधं असताना हे देऊ नये असंही त्यांनी सांगितलं. दम्यासाठी मात्र फायदा-तोटा तोलून द्यायला हरकत नाही.

आता पाटींची बाजू. त्याच एफडीएने मोठ्या माहितीसाठ्यावर अभ्यास केला, त्यात स्टेरॉइडचा पंप घेणाऱ्यांच्या तुलनेत या गोळीवर असलेल्यांना नैराश्यासाठी दवाखान्यात दाखल व्हावं लागण्याचं किंवा स्वतःला इजा करण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. तरी इशारा दिला, कारण आलेल्या तक्रारी गंभीर होत्या आणि अनेक डॉक्टरांना व पालकांना हा धोका ठाऊकच नव्हता. बहुतेकांना काही होत नाही. ज्याला होतं त्याला मात्र चांगलंच होतं, आणि कुणाला होईल ते आधी सांगता येत नाही. पूर्वी मानसिक त्रास नसलेल्यांनाही होतो. गोळी बंद केल्यावर बहुतेकांचं थांबतं, काहींचं रेंगाळतं, क्वचित बंद केल्यानंतर सुरू झाल्याच्याही नोंदी आहेत.

म्हणून मी काय करतो ते सांगतो. सुरू करण्याआधी झोप, मूड, घरातला इतिहास विचारतो. पहिल्या काही आठवड्यांनी फोन करायला सांगतो. उपयोग दिसत नसेल तर ओढत राहत नाही. पुण्यात माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या फायलींत ही गोळी 'चालू' असते आणि का चालू आहे हे रुग्णाला, घरच्यांना, कधीकधी आधीच्या चिठ्ठीलाही माहीत नसतं. ती दम्यासाठी होती की मेट्रोच्या धुळीत झालेल्या सर्दीसाठी, हे मलाच उकरून काढावं लागतं.

आत्महत्येचे विचार, भास, अचानक टोकाची आक्रमकता दिसली तर मात्र वही लिहीत बसू नका, गोळी थांबवा आणि लगेच डॉक्टरांना गाठा. ही गोळी एकदम थांबवली तरी अंगावर येत नाही. पण दम्याचा पंप सोबत सोडू नका, आणि जागेवर दुसरं काय हे त्याच फोनवर ठरवा.

पुणेरी_पाटी

हे असं लिहिलंत तर पटतं. आईला विचारलं, गोळी दम्याची की ॲलर्जीची? "सकाळी शिंका येतात म्हणून कुणीतरी दिलेली." कुणीतरी!! शनिवारी घेऊन जातो.

वडगावची_वहिनी

डॉक्टर, एक विचारते. नातेवाईक म्हणतात पंपापेक्षा गोळी बरी, पंपाची सवय लागते, त्यात स्टेरॉइड असतं. मी वाद घालून थकले.

छातीठोक

वाद घालू नका, मापं सांगा. पंपातल्या स्टेरॉइडचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, लहान मुलाला दिवसाला शंभर-दोनशेच्या आसपास. धाप वाढल्यावर जे प्रेडनिसोलोन तोंडाने देतो ते मिलिग्रॅममध्ये, म्हणजे हजारपट मोठ्या मापात. पंप टाळून टाळून शेवटी ज्याच्या नशिबी तोंडाने घ्यायचं स्टेरॉइड येतं, त्याने नक्की काय वाचवलं?

दीर्घकाळच्या दम्याचा मुख्य उपचार पंपातलं स्टेरॉइडच. सूज असते श्वासनळीत, औषध तिथेच पोहोचतं. मॉन्टेलुकास्ट शरीरातल्या ल्युकोट्राइन नावाच्या रसायनांची वाट अडवते. ही रसायनं श्वासनळी आवळतात, सुजवतात, कफ वाढवतात. पण सूज आणण्याच्या अनेक वाटांपैकी ती एक. म्हणून ही गोळी बहुधा जोडीला येते. क्वचित एकटी देतो, पंप खरंच जमत नसेल तर. जगभरच्या दम्याच्या मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून तर नुसत्या सालब्युटामॉलवर, म्हणजे चटकन आराम देणाऱ्या पंपावर, राहू नका असंच सांगितलंय, मग नुसत्या गोळीवर राहण्याचा प्रश्न कुठे येतो.

अजून एक, जे दुकानात कुणी विचारत नाही. काही दमेकऱ्यांना ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी अटॅक येतो. ही गोळी चालू आहे म्हणून गुडघेदुखीची गोळी चालेल, असं नाही. फिट्सचं फेनिटॉइन, फेनोबार्बिटॉन किंवा टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर सांगा, त्यांनी हिचा असर कमी होतो. स्टेरॉइड कमी करताना हातपाय बधिर होणं, अंगावर पुरळ, छातीत नवा त्रास असं काही दिसलं तर तेही लगेच. दुर्मीळ आहे, पण रक्तवाहिन्यांचा आजार असू शकतो.

नाना_पेठकर

मॉन्टेलुकास्ट नाही, पण दम्याच्या गोळीबद्दलच आहे म्हणून इथेच लिहितो. वडील चौऱ्याहत्तरचे, जुना दमा. ते वर्षानुवर्षं थिओफायलिनची लांब असर करणारी गोळी घेत. त्यांची ती हवीहवीशी, खिशातली गोळी. मागच्या हिवाळ्यात लघवीच्या संसर्गासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सॅसिन दिलं. त्याच सुमारास वडिलांनी कधी नव्हे ते बिडी सोडलेली. दोन-तीन दिवसांत मळमळ, उलट्या, हात थरथर, छातीत धडधड. आम्ही समजलो ॲसिडिटी. घरात जिऱ्याचं पाणी. शेवटी ॲडमिट केलं तर म्हणे थिओफायलिन रक्तात फार वाढलंय. रोजचीच गोळी होती, एकही जास्त घेतलेली नाही!

छातीठोक

नाना, अगदी पुस्तकातली केस आहे, आणि दोन कारणं एकत्र आली. थिओफायलिनचा उपयोगी डोस आणि विषारी डोस यांत अंतर फार कमी. रक्तातलं प्रमाण मिलिलिटरमागे २० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की त्रास सुरू होतो, पुढे हृदयाचे ठोके बिघडतात, फिट्स येतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन यकृतातलं त्याचं विघटन मंदावतात. विडी-सिगारेटचा धूर ते विघटन वाढवतो, म्हणून ओढणाऱ्याला जास्त डोस लागलेला असतो. विडी सुटली की तोच डोस जड होतो. विडी सोडणं उत्तमच, फक्त त्या दिवशी डॉक्टरला सांगायचं. जोराचा ताप आणि यकृत-हृदयाचे आजार यांनीही प्रमाण वाढतं.

घराघरांत 'डेरिफायलिन' म्हणतात त्यातही थिओफायलिन आहे, सोबत इटोफायलिन. ज्यांच्याकडे आजी-आजोबा ती घेतात त्यांनी नवं अँटिबायोटिक सुरू करताना जुन्या गोळ्यांची पिशवी डॉक्टरांसमोर ओतायची. लांब असर करणारी गोळी कुटून, चावून देऊ नका. दिवसभराचा डोस एकदम सुटतो. आणि धाप वाढली म्हणून आपल्या मनाने जास्तीची घेणं तर अजिबात नाही. आजकाल दम्याला ती पहिल्या पसंतीची राहिलेली नाही, पण जुन्या रुग्णांची सुटत नाही.

चहाबाज

चहाच्या पानांत थिओफायलिन असतं म्हणे? मग आमचा अमृततुल्य दम्यावर औषध!

छातीठोक

असतं, नखभर. १८८८ मध्ये कोसेल नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने ते चहाच्या पानांतूनच काढलं. पण कपात इतकं कमी की त्यावर दमा सांभाळायचा तर तुम्ही आधी मूत्रपिंडाच्या डॉक्टरकडे जाल. उलट ज्यांना थिओफायलिन चालू आहे त्यांनी चहा-कॉफी जपून, धडधड वाढते.

वाकडची_सून

एक भीत भीत विचारते. माझ्या चुलत सासऱ्यांना बाहेरगावहून कुणीतरी दम्याची पुडी आणून देतं. लेबल नाही, कागदाच्या पुडीत तपकिरी पावडर. खाल्ली की दुसऱ्या दिवशी ठणठणीत. आयुर्वेदिक आहे म्हणतात. चेहरा गोल गोल झालाय हल्ली आणि शुगर निघालीय.

गोळीमास्तर

एका दिवसात ठणठणीत, गोल चेहरा, नवी शुगर. मला जो वास येतोय तोच डॉक्टरांना येईल.

छातीठोक

आलाच. लेबल नसलेल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. पण काकांना "उद्यापासून बंद" असं सांगू नका! महिनोन्‌महिने स्टेरॉइड पोटात गेलं असेल तर शरीराने स्वतःचं बनवणं कमी केलेलं असतं. एकदम थांबवलं तर अशक्तपणा, उलट्या, रक्तदाब कोसळणं, जिवावर बेतू शकतं. पुडीसकट डॉक्टरांकडे न्या, उरलेली फेकू नका. डोस हळूहळू उतरवावा लागेल. मॉन्टेलुकास्ट एकदम थांबवता येते म्हटलं ते स्टेरॉइडला लागू नाही, ही गल्लत कृपया कुणी करू नका. ज्यांच्या घरी मागच्या अटॅकच्या उरलेल्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्या आहेत आणि 'थोडं भरलंय' म्हणून दोन घेतल्या जातात, त्यांनाही हेच.

पाऊसवेडी

मुलाच्या वेळी कळलं ते देते, उपयोगी आहे. औषधाने त्रास झाला तर आपण स्वतः कळवू शकतो, डॉक्टरच पाहिजे असं नाही. केंद्र सरकारच्या औषध-दक्षता कार्यक्रमाचा नंबर १८००-१८०-३०२४, फुकट आहे. गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडून चालतो. औषधाचं नाव, बॅच नंबर, कधी सुरू, त्रास काय, हे लागतं. स्ट्रिपचा बॅच नंबर असलेला तुकडा शेवटपर्यंत ठेवा, गोळ्या काढताना नेमका तोच आधी फाटतो.

तळजाई_प्रभात

डॉक्टरांकडे जाऊन आलो. फुंकर मारायची टेस्ट केली, गोळी बंद आणि पंप सुरू. गोळीमास्तर, रमतगमत चालतो हे त्यांनाही कसं कळलं?

वडगावची_वहिनी

शेवटचा प्रश्न. लेकीला एप्रिल-मेमध्ये काहीच नसतं, आजोळी तर अगदी ठीक असते. सुट्टीत गोळी बंद ठेवू का? म्हणजे तेवढंच कमी औषध.

छातीठोक

विचार योग्य, वेळ चुकीची ठरू शकते. साधारण तीन महिने दमा चांगला आवाक्यात असेल, म्हणजे रात्री खोकून उठत नाही, खेळताना थांबत नाही, चटकन आराम देणारा पंप क्वचितच लागतो, तर औषध उतरवण्याचा विचार आम्हीच करतो. आधी कोणतं, पंपाचा डोस की गोळी, हे तिला बघून. पण मे अखेरीला आपल्या मनाने बंद केलीत आणि जूनमध्ये पाऊस, ओल, शाळेतली सर्दी एकदम आली, की नेमकं काय बिघडलं ते कुणालाच कळत नाही. पावसानंतर मोकळ्या प्लॉटवर गाजर गवत फुलतं, ते वेगळंच. एप्रिलच्या सुरुवातीला दाखवा, म्हणजे दोन महिने हातात राहतात.

आणि आजोळी पाठवताना पंप, स्पेसर आणि कागदावर अटॅकचा बेत लिहून द्या. वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळे पडत असतील, पंप घेऊनही फरक नसेल, तर वाट न बघता १०८.

वडगावची_वहिनी

एप्रिलची अपॉइंटमेंट घेते. गोळीमास्तर, तोवरच्या स्ट्रिपा तुमच्याकडून नेईन, पेठेत कुठे ते तरी सांगा.

गोळीमास्तर

चिठ्ठी घेऊन निघा, मग सांगतो.